बारदानामागचे तीन जबडे

मी जालन्याला दात मोजायला गेलो होतो. परत आल्यापासून हे वाक्य मी आमच्या सोसायटीत निदान वीस जणांना सांगितले असेल, आणि विसांपैकी विसांनी "कोणाचे?" असे विचारले. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहून काढलेले बरे.

पुण्यातल्या एका दंतवैद्यक महाविद्यालयात मी संख्याशास्त्र सहायक आहे. मला दातांतले काही कळत नाही, मोजण्यातले कळते. आमच्या विभागातल्या डॉ. शकुंतला साळवे यांचा विषय असा की, एकाच गावात वेगवेगळ्या वस्त्यांत राहणाऱ्या माणसांच्या दातांत किती फरक पडतो आणि का पडतो. त्यांनी जालना निवडले. एका बाजूला कापसाच्या जिनिंग कारखान्यातले मजूर, दुसऱ्या बाजूला व्यापारी पेठेतली घरे. दोन्हीकडचे दात पाहायचे, नोंदायचे, ताडायचे. काम साधे होते. पण या साध्या कामापायी एका बाईची नोकरी जाता जाता राहिली, आणि त्यात माझाही हात होता. म्हणून ही हकीकत जरा लांबली आहे.

जालना, पहिला दिवस

साल १९७८, संक्रांत होऊन दोन दिवस झालेले. आमच्या घरातून डबा, रग आणि तिळाच्या वड्यांचा पुडा बरोबर दिला होता. "वड्या यंदा जरा घट्ट झाल्यात," सौ. म्हणाल्या. "तिथं वाटा. कुणाचे पडलेच दात, तर तुमचं मोजायचं काम तेवढं हलकं होईल."

मनमाडला गाडी बदलताना काय झाले ते लिहीत नाही; ज्यांनी मनमाडला गाडी बदलली आहे त्यांना ते माहीत आहे. डॉ. साळवे आणि मी, आम्हा दोघांबरोबर चोवीस आरसे, एक स्टोव्ह, सुया उकळायचे भांडे आणि डोके टेकायची सोय असलेली घडीची खुर्ची होती. जालन्याच्या स्टेशनबाहेर टांगेवाल्याने ती खुर्ची उलटसुलट करून पाहिली आणि मला विचारले, "सलून टाकून राह्यले का सायेब? सदर बाजारात टाका. टेसनाकडं धंदा न्हाई."

मी त्याला आमचे काम समजावून सांगितले. त्याने लगाम हातात घेतला. मग घोड्याकडे बोट करून म्हणाला, "याचे बी मोजता का?"

आमची उतरण्याची सोय कारखान्याच्या आवारातल्या एका खोलीत होती. नळाला पाणी एक दिवसाआड येते, हे आम्हाला पाणी न येणाऱ्या दिवशी पोचल्यामुळे लगेच कळले. पुण्याला आम्ही नळ अर्धा तास उशिरा आला तर नगरपालिकेला पत्र लिहितो. इथे फाटकावरचे पहारेकरी करीमभाई यांनी न सांगता दोन बादल्या आणून ठेवल्या आणि म्हणाले, "एक आज, एक उद्या. हिशेबानं वापरा." मला हा माणूस तिथेच आवडला.

करीमभाई साठीचे असतील. पहारेकरी होण्याआधी तीस वर्षे ते बैलबाजारात दलाल होते. डॉक्टरबाई मूळच्या परतूर तालुक्यातल्या आष्टीच्या आहेत हे कळल्यावर त्यांनी बाईंना वडिलांचे नाव विचारले. वडील शाळामास्तर. छप्पन साली घराने बौद्ध धर्म घेतला तेव्हा बाई बारा वर्षांच्या होत्या, असे त्या सांगू लागल्या तोच करीमभाई म्हणाले, "म्हंजे साळवे मास्तरची पोरगी! मास्तरला खिलारी जोड म्याच घेऊन दिल्ती. डावा जरा मारका निघाला." डावा बैल मारका होता हे बाईंच्याही लक्षात होते. त्यानंतर त्या दोघांचे जे बोलणे सुरू झाले त्यात मला जागा उरली नाही.

कारखान्याचे मुनीम भगवानराव संध्याकाळी भेटायला आले. तोंडात पान होते. पुढच्या आठ दिवसांत मी त्यांना तोंडात पान नसताना एकदाच पाहिले, ते पुढे येईल. ते म्हणाले, "चहा, टेबल, खोली, समदं देऊ. फक्त पत्रातली चौथी अट ध्यानात ठेवा."

चौथी अट मला पाठ होती, कारण ती मान्य असल्याचे पत्र मीच पुण्याला टंकलिखित केले होते. अट अशी होती : "तपासणीत दातांवरून आढळणारे प्रत्येक कामगाराचे खरे वय कारखान्यास कळवावे." टाइप करताना मला त्यात काही वावगे दिसले नव्हते. कोणी आकडे मागितले की मला बरेच वाटते.

भगवानरावांनी खुलासा केला. हजेरीच्या मस्टरवर कामगारांनी सांगितलेली वये आहेत; जन्माचा दाखला एकाकडेही नाही. साठीच्या पुढच्यांना पुढच्या हंगामात घ्यायचे नाही असे मालकांनी ठरवले आहे. "आता साठीचं कोण हे आमाला कसं कळावं? बैलाचं दातावरून कळतं, मंग माणसाचं का न्हाई?"

ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "आपटेकाका, ही यादी द्यायची नाही."

मी म्हणालो, "लिहून दिले आहे."

"तरी द्यायची नाही."

"बाई, लिहून दिले आहे."



कारखान्याचे अंगण, दुसरा दिवस

अंगणातल्या कडुनिंबाखाली खुर्ची मांडली. कामाची पद्धत अशी की, मी मस्टरवरचे नाव पुकारतो, माणूस बसतो, बाई आरसा घालून एकेक दात सांगतात आणि मी लिहितो. मी मान वर करत नाही. मान वर केली की रकाना चुकतो. त्यामुळे दिवसभरात मला माणसे दिसली ती पायांपुरती; आणि बायका पदर नाकापर्यंत ओढून बसत असल्याने बाईंना दिसली ती तोंडापुरती.

त्याआधी एक अडचण आली. दोन वर्षांपूर्वी नसबंदीच्या गाड्या गावोगाव फिरल्या होत्या. तेव्हापासून टेबल, रजिस्टर आणि डॉक्टर अशा तीन गोष्टी एकत्र दिसल्या की पुरुष मागच्या दाराने निघून जात. पहिला अर्धा तास आमच्यापुढे एकटे करीमभाई होते. शेवटी बाईंनी आष्टीच्या बोलीत आवाज चढवला : "अहो, वरचं तोंड बघून राह्यले! दुसरं काय बी बघत न्हाई!" हशा झाला आणि रांग लागली.

दात कशाने घासता, हा आमचा एक प्रश्न होता. उत्तरे राखुंडी, मीठ, कडुनिंबाची काडी आणि मिश्री. मिश्री म्हणजे तव्यावर जाळून पूड केलेली तंबाखू. तिने दात घासतात असे म्हणायचे, पण ती बोटाने हिरडीला लावून बायका तासभर तशाच बसतात. एकीला बाईंनी विचारले, "दिवसातून किती वेळा लावता?" ती म्हणाली, "काम असलं की चार वेळा. काम नसलं की तेवढंच काम."

दुपारी चहाच्या वेळी मी मान वर केली तेव्हा कापसाचे टोपले घेऊन जाणारी एक बाई दिसली. उजवा गाल लिंबाएवढा सुजलेला, त्यावर पदर दाबलेला. डॉक्टरबाई उठून तिच्यापर्यंत गेल्या.

"मावशी, बसा ना खुर्चीवर. दाढ दुखते का?"

"न्हाई माय. वारं लागलं."

"एवढं वारं?"

"या बाजूला लई वारं हाय," असे म्हणून ती टोपले घेऊन गेली. मग तिने दिवसभर आमच्या खुर्चीपासून निदान पन्नास पावलांचे अंतर राखले. मी ते अंतर नंतर चालून पाहिले. बावन्न पावले भरली.

व्यापारी पेठ, तिसरा दिवस

पेठेत आमचे स्वागत फार चांगले झाले. दहा घरांत अकरा चहा झाले (एका घरी सासू आणि सून यांनी वेगवेगळे केले). पुण्याला पाहुण्याला "चहा घेणार का?" असे विचारतात. इथे विचारत नाहीत. इथे बशी हातात दिल्यावर तुम्ही कोण हे विचारतात.

तोंड उघडायला मात्र कोणी तयार नव्हते. पहिल्या घरचे शेटजी म्हणाले, "घरातला माणूस पाठवतो." माणूस आला, बसला, बाईंनी दात सांगितले, मी लिहिले. दुसऱ्या घरी तसेच. तिसऱ्या घरी मी नेहमीचा प्रश्न विचारला, "घरात खोल्या किती?" तर खुर्चीवरच्या माणसाने विचारले, "माझ्या का शेटजींच्या?" मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण आमच्या सूचनापत्रात "त्या घरात झोपणारी व्यक्ती" एवढीच व्याख्या आहे, आणि तो त्या घरातच झोपत होता, जिन्याखाली.

दहाव्या घरचा माणूस पाठीवरचे डाळीचे पोते खाली ठेवून खुर्चीवर बसला तेव्हा मी पेन खाली ठेवले. बाई आत अकरावा चहा घेत होत्या तेवढ्यात ओट्यावर चौकशी केली. दहांपैकी सात घरांतून आम्हाला स्वयंपाकी, हमाल आणि गडी पाठवले गेले होते. एका शेटजींनी तर आपली बाजू मांडली : "दात दाखवायचे म्हणजे काय अंगठा थोडाच द्यायचाय! कुणाचेही चालतात."

संध्याकाळी खोलीवर मी ही गोष्ट बाईंना सांगणार होतो, पण त्या कारखान्यातले फॉर्म मांडून बसल्या होत्या आणि अतिशय खुशीत होत्या. "काका, कमाल आहे! कामगार बायकांचे दात पेठेतल्यांपेक्षा कितीतरी चांगले! आपण समजत होतो त्याच्या बरोबर उलट! हे बघा, विभागप्रमुखांना पत्रसुद्धा लिहून झालंय."

आमच्या धंद्यात जो आकडा पाहून आनंद होतो तो आधी तपासायचा असतो. मी पेठेची कथा सांगितली. त्यांचा चेहरा थोडा उतरला. मग मी कारखान्याचे फॉर्म हातात घेतले. सहाव्या फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिले होते : वय बावन्न, अक्कलदाढ नुकतीच उगवत आहे. नवव्या फॉर्मवर सोजरबाई कोंडिबा, वय चाळीस : अठ्ठावीस दात, सर्व निरोगी, वरच्या डाव्या दुसऱ्या दाताचा कोपरा तुटलेला. चौदाव्या फॉर्मवर दुसरी बाई, वय पन्नास, आणि तोच तुटका कोपरा. एकविसाव्यावर तिसरी, तोच कोपरा. मग मला आठवले की तिन्ही वेळा माझ्या टेबलासमोर आलेल्या पायांत एकसारखी जोडवी होती.

बाईंनी पत्र फाडले. मी ते आधी वाचायला मागितले होते, पण त्या थांबल्या नाहीत.

कुंभार पिंपळगाव आणि जांब समर्थ, चौथा दिवस

कारखान्याची सुट्टी आणि कुंभार पिंपळगावचा बाजार एकाच दिवशी आले. करीमभाई म्हणाले, "चला सायेब, तुमी माणसाचे दात पाह्यले, आता खरे दात पाहा." अंबडवरून एसटीने गेलो. बसमध्ये मी त्यांना जोडव्यांची गोष्ट विचारली. ते खिडकीबाहेर कपाशी पाहत राहिले.

बाजारात आल्यावर मात्र करीमभाई वीस वर्षांनी तरुण झाले. बैलाचा खालचा ओठ दोन बोटांनी खाली करायचा, एक नजर टाकायची आणि पुढे जायचे. "आदत. अजून दुधाचे हायेत." "हा दोन दाती." "हा चार दाती, मालक सहा म्हणून राह्यला, खोटं हाय." "हा जुळला, समदे दात आले, आता याचं वय मोजू नका, काम मोजा." मी वहीत टिपून घेत होतो. इतक्या जलद आणि इतक्या खात्रीची नोंद मी आमच्या कॉलेजात पाहिलेली नाही.

दोन दिवस दातांत घालवल्यामुळे मलाही जरा धीर आला होता. एका पांढऱ्याशुभ्र बैलाचा मालक बैलाचे तोंड उघडून उभा होता. मी वाकून पाहिले आणि मोठ्याने म्हणालो, "अरेरे, याचे वरचे पुढचे सगळे दात पडले आहेत!"

 मालक म्हणाला, "कोण हाय हे? माझ्या बैलाला बोळका म्हणून राह्यले!"

करीमभाई धावत आले. "माफ करा पाटील, हे पुन्याचे हायेत." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "सायेब, बैलाला वरचे पुढचे दात अल्लानं दिलेच न्हाईत. एकाबी बैलाला न्हाईत."

मी पन्नास वर्षांचा, बारा वर्षे दंतवैद्यकात नोकरी केलेला माणूस. डॉक्टरबाई तोंडावर पदर घेऊन एका भांड्यांच्या दुकानामागे गेल्या होत्या. त्या पंधरा मिनिटे परत आल्या नाहीत.

तिथून जांब समर्थला दर्शन घेतले. करीमभाईंच्या ओळखीच्या एका शेतात दुपारी हुरडा झाला. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली ज्वारीची कोवळी कणसे तळहातावर चोळून, फुंकर मारून देत होते. सोबत लसणाची चटणी, दही, गूळ. पुण्याला हुरडा मिळतो तो पुडीत आणि थंड. हा खाताना बोलावेसे वाटत नाही. पण करीमभाई तेव्हाच बोलले.

"सायेब, दात कशाला बघतेत हे आज तुमी पाह्यलं. बैलाला घ्यायचं का काढायचं, त्याच्यासाठी. इकडं लहान लेकराला बी हे ठावं हाय. मंग मुनीमजींनी तुमाला चौथी अट घातली हे कारखान्यात कळल्यावर बायांनी तोंड कसं उघडावं?"

"मग खुर्चीवर कोण बसले?"

"कुणाची सून, कुणाचा धाकटा दीर. तुटक्या दाताची ती सोजरबाईची सून. तीन म्हाताऱ्यांसाठी तीनदा बसली. आमाला दया आली तिची, तिसऱ्यांदा जबडा दुखून राह्यला होता."

"आणि सोजरबाई?"

"गाल सुजलेली. वारं लागलेली." करीमभाईंनी कणीस चोळले. "मस्टरला चाळीस हाय. खरं किती ते तिला बी ठावं न्हाई. तोंडात दाताचे खुंट हायेत चार-पाच. तिनं तोंड उघडलं अन् तुमी ते लिवलं, की मुनीमजी साठ म्हणनार. पुढच्या हंगामात सोजरबाई घरी. घरी काय हाय? सून हाय अन् सुनेचे दात हायेत."

बाई ताडकन उठल्या. "त्या दाढेत पू झालाय. दोन-चार दिवसांत डोळ्यापर्यंत सूज गेली तर कोण जबाबदार? काका, तुमचं लिहून दिलेलं पत्र?"

  दिलेला शब्द मोडायचा नाही, आणि ही बाई तर डोळ्यांसमोर दिसते. परतीच्या बसमध्ये मी चौथी अट मनातल्या मनात शब्दशः म्हणत होतो. "तपासणीत दातांवरून आढळणारे प्रत्येक कामगाराचे खरे वय." अंबड मागे पडल्यावर मला त्यातला एक शब्द बोचू लागला. आढळणारे. दातांवरून माणसाचे वय आढळते, हे कोणी तपासले आहे? कुठलेही माप वापरण्याआधी ते ज्ञात वस्तूवर लावून पाहायचे, हा माझ्या नोकरीतला पहिला नियम. किराणा दुकानदारसुद्धा वजनांवर शिक्का मारून घेतो.

पुन्हा अंगणात, पाचवा दिवस

सकाळी मी भगवानरावांकडे गेलो. म्हणालो, "अट पाळणार. यादी देणार. पण त्याआधी मापाची चाचणी घ्यावी लागेल. ज्यांची जन्मतारीख कागदोपत्री सिद्ध आहे अशी तीन माणसे हवीत. माझे सर्व्हिस बुक आहे, पन्नास पूर्ण. डॉक्टरबाईंचा शाळेचा दाखला आहे, चौतीस. तिसरे कोण?"

"मी हाय की," भगवानराव छाती पुढे काढून म्हणाले. "साऱ्या कारखान्यात मॅट्रिक मी एकटा. सर्टिफिकेट भिंतीला फ्रेम करून लावलंय. एक्केचाळीस पूर्ण."

 मी पाच दिवस त्यांना स्वतःपेक्षा वडील समजून वाकून नमस्कार करत होतो.

कापसाच्या गठाणींवर गुंडाळतात ते गोणपाट, म्हणजे बारदान, दोन खांबांना बांधले आणि त्याला तोंडाच्या उंचीवर एक चीर पाडली. चिरेतून फक्त जबडा दिसायचा. वय सांगणार करीमभाई. भगवानरावांची ही सूचना. त्यांचा करीमभाईंवर फार विश्वास होता. भगवानरावांना चूळ भरायला लावली, म्हणजे पानाचा रंग राहू नये. हाच तो त्यांना पानाशिवाय पाहिल्याचा प्रसंग. पाळी बदलायची वेळ होती, त्यामुळे अंगणात सगळे जमले होते. सोजरबाई बावन्न पावलांवर उभी होती.

पहिला जबडा माझा. करीमभाईंनी दोन बोटांनी ओठ खाली केला. "जुळलेला. झीज कमी. दाणा-वैरण चांगली. तीस, फार तर बत्तीस."

दुसरा जबडा बाईंचा. "दाढेत चांदी भरली हाय. लई जपलेलं जनावर हाय हो! वीस-बावीस."

बारदानामागून बाईंचा हसू दाबल्याचा आवाज आला.

तिसऱ्या जबड्यापाशी करीमभाई बराच वेळ थांबले. डावीकडून पाहिले, उजवीकडून पाहिले. एक खुंट बोटाने हलवून पाहिला, तेव्हा मागून कण्हल्याचा आवाज आला. मग ते मागे सरले, हात धोतराला पुसले आणि गंभीरपणे म्हणाले, "याला बाजारात आणू नका. पासष्ट तर हायच, वर किती ते अल्ला जाणे. चारा बारीक करून द्या अन् सावलीला बांधा."

भगवानराव बारदान बाजूला सारून बाहेर आले.

तो आवाज मी विसरणार नाही. सगळे अंगण एकदम हसले. मागून एक बाई ओरडली, "मंग मुनीमजी, उद्यापासून नातवंडं खेळवा!" दुसरी म्हणाली, "नातवंडं कुठली माय, त्याचं पोरगं चौथीत हाय!"

करीमभाईंनी तो जबडा ओळखला होता की नाही, हे मला आजही सांगता येत नाही. चाचणीच्या दृष्टीने ही त्रुटी आहे आणि मी ती मान्य करतो.

भगवानराव लाल झाले. "माझे दात पानानं गेलेत! वयानं न्हाई गेले!"

हसणे थांबले होते. बावन्न पावलांवरून, गालावरचा पदर न काढता, सोजरबाई बोलली. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "आमचे बी मिश्रीनं गेले, मुनीमजी. वयानं न्हाई."

भगवानरावांनी तिच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे. मी वही उघडून म्हणालो, "तीन ज्ञात वयांपैकी तिन्ही चुकली. एकाचे वीस वर्षांनी कमी, एकाचे बारा वर्षांनी कमी, एकाचे चोवीस वर्षांनी जास्त. हे माप लावूनच यादी हवी असेल तर मी देतो. पण सोबत ही चाचणी जोडावी लागेल, नावांसकट. मालकांकडे दोन्ही जातील."

ते थोडा वेळ जिभेने तो हललेला खुंट चाचपत उभे राहिले. मग म्हणाले, "यादी-बिदी काय न्हाई पायजे."

"तसे लिहून द्या," मी म्हणालो.

"आता याला बी लिवून?"

"अट लिहून घातली होती."

त्यांनी कचेरीत जाऊन कागद आणला आणि माझ्या टेबलावर उभ्या उभ्या लिहिले : चौथी अट रद्द. खाली सही, तारीख आणि शिक्का. शिक्का मी मागितला. मग कागद माझ्या हातात देताना आवाज खाली करून विचारले, "डॉक्टरबाई मुनीम लोकांचे दात बघत्यात का? रात्रीला झोप न्हाई दोन महिने."

"बघतात," मी म्हणालो. "रांगेत उभे राहा."

सहावा दिवस

मोजणी पहिल्यापासून केली. पेठेतही पुन्हा गेलो. या वेळी बाईंनी दारातच सांगितले की, शेटजी सोडून दुसऱ्या कोणाचेही तोंड पाहणार नाही. तीन शेटजी बसले, चार परगावी निघून गेले. आकडे काय आले ते इथे लिहीत नाही, ते अहवालात येतील. ज्यांना डॉक्टरचे घर लांब पडते त्यांच्या तोंडात काय असते, हे त्या नव्या फॉर्मांवर न विचारताही दिसत होते.

कारखान्याच्या रांगेत पहिली सोजरबाई होती. तिची सून तिला हात धरून घेऊन आली आणि खुर्चीजवळ उभी राहिली. सोजरबाईने गालावरचा पदर काढला. बाईंनी सुई टोचली तेव्हा तिने खुर्चीचा हात असा धरला की लाकूड करकरले. दाढ निघाली, पू निघाला, बाईंनी कापूस दाबून धरायला सांगितला आणि आज काम करू नका असे बजावले. सोजरबाईने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे ठरवता आले नाही.

मी फॉर्म भरत होतो. दात : चार, त्यांपैकी खुंट तीन. मग रकाना होता "सांगितलेले वय". हे नाव मीच ठरवले आहे. खरे वय असा रकाना आमच्या फॉर्मवर नाही.

"मावशी, वय?"

तोंडात कापूस होता. तिने उजव्या हाताची चार बोटे वर केली, अंगठा नीट आत मुडपून. त्यांच्या शेजारी डाव्या हाताची मूठ धरली आणि माझ्याकडे पाहिले. सून तोंड फिरवून हसली. रांग हसली.

तिसऱ्या नंबरवर भगवानराव गाल धरून उभे होते. त्यांनी मान लांब करून त्या बोटांकडे आणि मुठीकडे पाहिले.

"बराबर हाय," ते म्हणाले. "मस्टरला बी तेवढंच हाय. लिवा सायेब, चाळीस."

मी चाळीस लिहिले. तेवढ्यात पाळीचा भोंगा झाला. सोजरबाई खुर्चीवरून उठली, पदर कमरेला खोचला आणि डॉक्टरबाई "अहो मावशी, थांबा!" म्हणेपर्यंत टोपले उचलून कारखान्याच्या दारातून आत पळाली. तो वेग चाळिशीचाच होता.